चौथ्या कॅनचा निळा रंग

बोरवाडी, ता. केज
१२ फेब्रुवारी १९८७

धर्मराज यास,

रामराम. किंवा जयभीम. तुला चालेल ते घे, दुसरं परत पाठव.

पत्राला उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे तीन वर्षं आणि वर काही महिने. तुझं शेवटचं पत्र मी फळीवर ठेवलं होतं, उद्या लिहू म्हणून. मग ते उंदरांनी खाल्लं. मग मला वाटलं, पत्रच राहिलं नाही तर उत्तर कशाचं द्यायचं? हे कारण पुरेसं नाही हे मला कळतं, पण खरं आहे.

काम पडलं म्हणून आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. पडलंच आहे.

गावात आपली दूध संस्था आहे आणि मी तिचा सचिव आहे. चौथी पास माणूस सचिव कसा, म्हणून हसू नकोस. चेअरमन आप्पाराव दुसरी नापास आहे. संस्थेचं दूध रोज सकाळी टेंपोने शीतकरण केंद्रात जातं. तिथे सगळे कॅन एका मोठ्या भांड्यात रिकामे करतात आणि त्यातून नमुना घेतात. गेल्या महिन्यात दोनदा दूध परत आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘जिवाणूंचे प्रमाण जास्त.’ तिसऱ्यांदा असं झालं तर पोळ्यापर्यंत आपलं दूध घेणार नाहीत. तिसरी तपासणी दोन एप्रिलला आहे.

या साली रानात काही उरलेलं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. साठ घरांत जे काही येतं ते म्हशीच्या सडातून येतं. तेही बंद झालं तर लोक मला धरतील, कारण चेअरमनला धरायची कुणाची छाती नाही.

दूध दिसायला पांढरं आहे. नासलेलं नाही, वास नाही. मी स्वतः पेलाभर पिऊन पाहिलं. पोट बिघडलं, पण ते माझं एरवीही बिघडतं. टेंपोवाल्याला विचारलं, ‘जिवाणू म्हंजे काय बे?’ तो म्हणाला, ‘दिसत न्हाई, पर असतंय.’ मी म्हणालो, तसं तर देवाचंबी हाय. केंद्रातले साहेब म्हणाले, स्वच्छता ठेवा. आप्पारावने प्रत्येक कॅनला लिंबू-मिरची बांधली आहे. टेंपो निघाला की ती खुळखुळते, आणि म्हशी दचकतात.

तू शहरात कॉलेजात होतास, तिथे हेच जिवाणू पाळत होते असं तू म्हणाल्याचं आठवतं. तर ते काय असतं, कुठून येतं, त्याला तोंड असतं का, मारायचं कसं, हे सविस्तर लिही. आणि आणखी एक. काही लोकांचं म्हणणं असं की ते एका ठरावीक गल्लीच्या दुधातून येतात. असं असतं का? हे मी विचारत नाही, लोक विचारतात.

तुझा,
सर्जेराव

*

औरंगाबाद
२१ फेब्रुवारी १९८७

सर्जेराव,

जयभीम ठेवून घेतला. रामराम परत पाठवतो, पुढे तुला लागेल.

मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत शिपाई होतो. लोकांना वाटतं मी तिथे शिकलो. मी बाटल्या धुतल्या. पण प्राध्यापक शिकवायचे तेव्हा दार उघडं असायचं, आणि दाराबाहेर बसून शिकायची सवय मला आपल्या गावच्या शाळेनंच लावली होती. म्हणून सांगतो, नीट वाच.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. तुझं अंग अशा अब्जावधी पेशींचं आहे. त्याचा सगळा संसार एकाच पेशीत. बाहेरून टणक भिंत. तिच्यामुळे त्याचा आकार टिकतो. कुणी गोल, कुणी कांडीसारखा, कुणी पिळाचा. भिंतीच्या आत एक पातळ पडदा. भिंत नुसती उभी असते, राबतो तो पडदा. काय आत घ्यायचं, काय बाहेर घालवायचं, ते तोच ठरवतो. श्वासाचं कामसुद्धा त्या पडद्यावरच चालतं, फुप्फुस ठेवायला जागा कुठे आहे? आत पाणीदार रस, आणि त्या रसात हजारो बारीक कण. ते रात्रंदिवस प्रथिनं बनवत असतात. तोंड नाही, पोट नाही. पाचक रस बाहेरच सोडतो, अन्न बाहेरच विरघळवतो आणि मग आत ओढतो. तुझ्यापेक्षा बरं पचतं त्याला.

आपल्या पेशीत मधोमध एक बंद खोली असते, तिला केंद्रक म्हणतात. कुळाची सगळी कागदपत्रं तिच्यात. जिवाणूला ही खोलीच नाही. कागदपत्रं म्हणजे एक लांब धागा, गुंता होऊन तसाच मध्ये पडलेला. शिवाय काहींकडे छोट्या जादा कड्या असतात. त्यांची नक्कल करून ते शेजाऱ्याला देतात. एखादं औषध पचवायची युक्ती अशी वस्तीभर होते. म्हणजे खोली नाही, खुर्ची नाही, चेअरमन नाही, तरी काम एक क्षण थांबत नाही.

काहींना शेपूट असतं. ते वळवळत नाही, गरगर फिरतं, विहिरीवरच्या मोटारीसारखं. काहींना बारीक केस असतात, चिकटून बसायला. कोमट दूध मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. सकाळी सहाला एक असला तर नऊला पाचशे बारा. तुझा टेंपो केंद्रात किती वाजता पोचतो?

आमच्याकडे त्यांना रंग देऊन ओळखायचे. जाड भिंतीचे जांभळे राहतात, पातळ भिंतीचे गुलाबी होतात. हे आप्पारावला सांगू नकोस. गुलाबी कोणत्या गल्लीत राहतात, असं विचारील.

गल्लीचं म्हणशील तर जिवाणू म्हशीच्या सडावर असतात, तुझ्या हातावर असतात, कॅनमध्ये असतात, पाण्यात असतात. दूध काढतात तेव्हा त्यात ते थोडेच असतात. पुढे किती होतात ते भांड्यावर ठरतं. तेव्हा दोन गोष्टी लिही. कॅन कसे धुता, एकूण एक. आणि ती ठरावीक गल्ली कोणती.

धर्मराज

*

बोरवाडी
१ मार्च १९८७

प्रिय धर्मराज,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा घाबरलो.

मी ते संचालक मंडळासमोर वाचलं. तू चेअरमन नाही तरी काम थांबत नाही असं लिहिलंस, ते आप्पारावला लागलं. म्हणाला, ‘हे माझ्यावर लिव्हलंय. कुणी शिकवून लिव्हलंय.’ मी म्हणालो, हे जिवाणूवर हाय. तर म्हणाला, ‘जिवाणूला माझी खुर्ची कावून लागती?’ सुंदररावने विचारलं, ‘चारी बाजूनं भिंत असंल तर दार कुठं हाय?’ ते तू लिहिलेलं नाहीस. पडदा आहे म्हणालो, तर म्हणे पडदा घरातल्या बायांसाठी असतो. मी बसलो खाली.

मग शाळेतून भिंग आणलं. दुधाचा थेंब काचेवर घेतला. एक लांबलचक काळा जिवाणू दिसला, कांडीसारखा, तू लिहिला होतास तसाच. सगळ्यांनी आळीपाळीने पाहिला. तो माझ्या भुवईचा केस निघाला. तोवर आप्पारावने त्याला नमस्कार केला होता.

शेपूट असतं म्हणालास म्हणून आता दूध दुहेरी धोतरातून गाळतो. शेपूट अडकलं तर अडकलं. धोतर माझंच आहे.

कॅनचं विचारलंस. त्यात आमची काही चूक नाही. संस्थेपुढे सिमेंटचा छोटा हौद आहे. टँकर आला की तो एकदा भरून घेतो. तीन गल्ल्यांचे तीन कॅन त्यात ओळीने बुडवतो, आतून फडका फिरवतो, झाकण लावून ठेवतो. तेच पाणी दोन दिवस वापरतो आणि नंतर म्हशींना पाजतो. थेंब वाया जात नाही. तालुक्याचे साहेब येऊन गेले, ते शाबास म्हणाले. चौथा कॅन धुवायचा प्रश्न येत नाही, तो बाहेरच्या बाहेर धुऊन येतो. सध्या तसेही तीनच कॅन जातात.

गल्लीचं तू मनावर घेऊ नकोस. बोलणारे बोलतात. तसा काही ठराव वगैरे आला तर मी विरोध करीन, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

दोन दिवसांपासून दूध आणखीच खराब होतं आहे. काल दुपारी मागे ठेवलेलं लोटाभर दूध तापवलं तर फुटलं. मला झोप नाही. काही उपाय लिही.

तुझा,
सर्जेराव

*

औरंगाबाद
८ मार्च १९८७

सर्जेराव,

तुझं पत्र वाचून इतका हसलो की शेजारचे विचारायला आले. मग शेवट वाचला आणि हसू थांबलं.

आधी कॅन. तो हौद म्हणजे हौद नाही, जिवाणूंचं वसतिगृह आहे. पहिल्या कॅनमधले दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, वर तुझा फडका सगळ्यांची ओळख करून देतो. धोतराने काही होणार नाही. धोतराच्या एका भोकातून त्यांची वरात जाईल, घोड्यासकट. ओल्या पत्र्यावर जिवाणू बसले की आधी त्या बारीक केसांनी धरून बसतात, मग चिकट लाळ सोडतात आणि तिच्या आत राहतात. वरून पाणी फिरवून ती लाळ निघत नाही. घासावी लागते. मग कॅन उपडा ठेवून कडकडीत वाळवावा लागतो. तुम्ही ओल्यावर झाकण लावता, म्हणजे अंथरूण घालून देता.

काही जाती फार चिवट असतात. हाल सुरू झाले की पेशीच्या आत जाड कवचाचं बीज करतात आणि त्यात जाऊन बसतात. खाणं नाही, पिणं नाही, वाढणं नाही. उकळत्या पाण्यात मरत नाहीत, वर्षं गेली तरी कंटाळत नाहीत. पण असे थोडे. बाकीच्यांना कोरडं ऊन पुरतं.

आता चौथा कॅन. गावात तीन गल्ल्या आणि एक आमची वस्ती. चौथीपर्यंतचं गणित मलाही येतं. वस्तीतली सात घरं त्यात दूध घालतात आणि त्यातलं एक घर माझ्या भावजयीचं, चतुराबाईचं आहे. भाऊ गेल्यावर तिने दोन म्हशींवर घर धरलं आहे. ‘सध्या तीनच कॅन जातात’ म्हणजे काय? चौथा कुठे गेला?

तुला निळा रंग पाठवतो. चिमूटभर रंग उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळव. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून घे. दूध भर, दोन-तीन थेंब रंग टाक, बूच लाव, एकदा उलटी करून सरळ कर, आणि अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेव. जिवाणू श्वास घेतात तसा दुधातला प्राणवायू संपतो आणि रंग उडून दूध पांढरं होतं. जिवाणू फार असतील तर अर्ध्या तासात. दूध चांगलं असेल तर पाच तास निळं राहतं. मध्ये बाटली हलवायची नाही. हलवली की हवा मिसळते आणि निळा परत येतो, तो खोटा. एक बाटली कॅनमधल्या दुधाची घे, एक त्याच घरच्या म्हशीची धार थेट उकळलेल्या बाटलीत धरून घे, म्हणजे दोष म्हशीचा की कॅनचा ते कळेल. आणि एक चौथ्या कॅनची.

हे होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नकोस. उलट टपाली तसं लिही.

धर्मराज

*

(पोस्टकार्ड)

औरंगाबाद
१४ मार्च १९८७

सर्जेराव,

वहिनीने शाळेतल्या बाईंकडून पत्र लिहवून पाठवलं. वस्तीचं दूध बंद करायचा ठराव २७ फेब्रुवारीचा आहे आणि त्यावर सचिव म्हणून तुझी सही आहे. तू मला १ मार्चला लिहिलंस की ठराव आला तर विरोध करीन.

रंगाची पुडी केजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली आहे. ती दुधासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. मला पत्र पाठवू नकोस.

धर्मराज

*

बोरवाडी
२४ मार्च १९८७

प्रिय धर्मराज,

पाठवू नकोस म्हणालास तरी पाठवतो आहे, कारण पुडी मिळाल्याची पोच द्यावी लागते. पुडी मिळाली.

सही मीच केली. आप्पारावने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘घ्या, सर्जेराव, तुमी शिकलेले.’ मी चष्मा शोधत राहिलो, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. चष्मा डोळ्यांवरच होता. मग केली. तुला खोटं लिहिलं, कारण तू विचारशील याची भीती होती, आणि न लिहिता राहवतही नव्हतं. याला काय म्हणायचं ते तू म्हण.

पुडी आली त्या दिवशी मी वस्तीत गेलो. चतुराबाई दारात कॅन घासत होती. दूध बंद आहे तरी घासत होती. म्हणाली, ‘या दादा. वाट चुकलात का?’ मी रंगाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आमचं दूध तुमाला चालत न्हाई, मंग त्याची परीक्षा कावून?’ मी म्हणालो, खरं कळावं म्हणून. ती म्हणाली, ‘आमाला ठावं हाय खरं. तुमाला कळायचंय. तर सगळ्या गावाम्होरं करा, अन् म्या तितं बसणार.’

परवा सकाळी संस्थेपुढे लिंबाखाली घमेलं मांडलं. कोमट पाणी घातलं, माझ्या पायाला सोसेल इतकं. अंगाला म्हणाला होतास, पण एवढ्या लोकांत अंग कसं बुडवणार? तीन बाटल्या ठेवल्या. पहिली आप्पारावच्या गल्लीच्या कॅनची. दुसरी आप्पारावच्या म्हशीची, धार थेट बाटलीत. तिसरी चतुराबाईच्या चौथ्या कॅनची. तिन्ही सारख्या निळ्या. गाव गोळा झालं. सुंदरराव म्हणाला, ‘ह्यात बघायचं काय?’ मी म्हणालो, काहीच होत न्हाई ते बघायचं. लोक बसले. दुष्काळात लोकांना काहीच न होणं बघायची सवय झाली आहे.

वीस मिनिटांत पहिली बाटली फिकी पडली. पंचवीस मिनिटांत पांढरी, जणू रंग घातलाच नव्हता. आप्पाराव उठला, बाटली उचलली आणि खुळखुळ हलवली. वरून निळा परत आला. ‘आला! आला!’ म्हणून तो असा नाचला की त्याचं मुंडासं सुटलं. मी म्हणालो, चेअरमनसाहेब, हलवायची न्हाई, तो खोटा. तो म्हणाला, ‘खोटा कसा? निळा हाय की.’ पाच मिनिटांत परत पांढरी झाली. त्याने परत हलवली. असं चार वेळा. शेवटी त्याची आई साखराबाई, नव्वदीची म्हातारी, म्हणाली, ‘आरं आप्पा, ती बाटली हाय, खुळखुळा न्हाई.’

दुसरी बाटली, त्याच्या म्हशीची थेट धारेची, निळी ती निळीच. आणि तिसरी, चतुराबाईची, उन्हं डोक्यावर आली तरी निळी. वस्तीतल्या छबुबाईने मोठ्याने विचारलं, ‘निळा आमच्याच बाटलीत कावून टिकला, कुणी सांगंल का?’ वस्तीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग चतुराबाईने मला पहिल्या कॅनजवळ बोलावलं. म्हणाली, ‘हात घाला आत. गळ्याच्या खाली, वाकवून.’ घातला. खांद्यापाशी, जिथे माझा फडका कधी पोचला नाही, तिथे बुळबुळीत थर. गोगलगायीवर हात पडावा तसा. नंतर म्हणाली, आता माझ्यात घाला. पत्रा कोरडा, कुरकुरीत, करकर वाजला. मी विचारलं, एवढं पाणी कुठून आणतेस? ती म्हणाली, ‘पाणी दोन तांबे, तेबी उकळून. राख अन् काथ्यानं घासायचं, अन् मंग खुंट्यावर उपडा टाकायचा, हात पोळंस्तवर. ऊन तर दुष्काळात लई हाय.’

हे तिने कुठे शिकलं? मीच शिकवलं, धर्मराज. संस्था सुरू झाली तेव्हा ती पहिल्या दिवशी कॅन घेऊन हौदापाशी आली होती. मीच म्हणालो, तुमची वस्ती लांब पडते, कॅन घरीच धुवून आणत जा. लांब कसली? हाक मारली तर ऐकू येते. तिला हौदाला हात लावू द्यायचा नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. मला कळलं नाही असं मी आठ वर्षं धरून चाललो. आम्ही त्यांना ज्या हौदापासून लांब ठेवलं, त्याच हौदात आमचे जिवाणू वाढले.

मग आप्पाराव बोलला. मला वाटलं माफी मागतो. तो म्हणाला, ‘मंग आमचंबी दूध त्या चौथ्या कॅनात घाला की. तपासणी तर पास हुईल.’ चतुराबाईने आपला कॅन जवळ ओढला. म्हणाली, ‘न्हाई दादा. तुमचं दूध घातलं तर आमचा कॅन बाटंल.’

मग साखराबाई एकटीच हसायला लागली, दात नसलेली, इतकी की तिला पाठीवर थापटावं लागलं.

चतुराबाई कॅन उचलून गेली. जाताना म्हणाली, ठराव जिथं केला तिथून उचला, मग बघू. दोन एप्रिलला नऊ दिवस आहेत. वस्तीचं दूध नाही आणि आमचं जाईल तसं जाईल. तिला तू दोन ओळी लिहिशील का? तुझं ती ऐकेल. नाही लिहिलंस तरी मी समजेन, पण लिही.

तुझा,
सर्जेराव

*

बोरवाडी
३० एप्रिल १९८७

प्रिय धर्मराज,

हे तुझ्या कार्डानंतरचं माझं चौथं पत्र. मधली दोन छोटी होती, कदाचित पोचली नसतील, म्हणून सगळं परत लिहितो.

तू चतुराबाईला लिहिलं नाहीस हे मला तिनेच सांगितलं. बरोबर केलंस. ते काम तुझं नव्हतं.

ठराव मागे घेतला. आप्पाराव तयार नव्हता. त्याला म्हणालो, पोळ्यापर्यंत म्हशी तुमीच पोसा मंग, साठ घरच्या. तेव्हा अंगठा दिला. चतुराबाईची अट अशी की रद्द झालेला ठराव आधी वस्तीत वाचून दाखवायचा, मोठ्याने, आणि मग नवीन. मी उभा राहून वाचला. ‘आरोग्याच्या कारणास्तव’ इथे माझी जीभ अडली. ती म्हणाली, ‘वाचा की. तुमीच लिव्हलंय.’ वाचलं. थांबलो. ती म्हणाली, ‘खालची सहीबी वाचा.’ मी माझं नाव सात घरांपुढे वाचलं. ते इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

मी तिला म्हणालो, आता चारही कॅन तूच घास, संस्था तुझ्यावर सोपवते. मला वाटलं मोठा मान देतो आहे. ती म्हणाली, ‘तुमचे कॅन तुमी घासा. म्या दाखविते, घासत न्हाई.’ तर आता रोज सकाळी आप्पाराव, सुंदरराव आणि मी राखेत बसलेले असतो आणि ती उभी राहून आत हात घालून पाहते. बुळबुळीत लागलं की परत. आप्पारावचा कॅन चार वेळा परत आला. पूर्वी आम्हाला द्यायचा त्या शिव्या तो आता जिवाणूंना देतो. हौद फोडला. कॅनचे नंबर घासून गेले, आता जो पुढे असेल त्यात ज्याचं असेल त्याचं दूध पडतं. दोन घरांनी त्यावरून दूध बंद केलं होतं. आठ दिवसांनी मुकाट्याने आली. उरलेलं दूध त्यांच्या पोटात मावेना.

दोन एप्रिलला तपासणी झाली. तिथेही निळा रंगच घालतात. साहेब म्हणाले, चार तास झाले, रंग आहे, दूध पास. मी तिथेच खाली बसलो. त्यांना वाटलं ऊन लागलं.

एवढंच सांगायचं होतं असं नाही. पोस्टमन सुग्रीव रोज येतो. मी त्याला विचारत नाही, तोच लांबून हात हलवतो, नाही म्हणून. मग मला नाही नाही ते सुचतं. तुझी साखर वाढली असेल. तू पडला असशील. तू बरा असशील आणि नुसता लिहीत नसशील, हे सगळ्यांत शेवटी सुचतं आणि सगळ्यांत खरं वाटतं.

चतुराबाईला विचारलं, धर्मराज मला माफ करील का? ती म्हणाली, ‘ते त्यांनला इचारा. मी माझं अजून ठरविलं न्हाई.’ तरी सकाळी ती माझ्या कॅनमध्ये हात घालते आणि बरा आहे म्हणते. त्यावर माझा दिवस जातो.

सोबत जबाबी कार्ड जोडलं आहे. माझा पत्ता मीच लिहून ठेवला आहे, म्हणजे तुला माझं नाव लिहावं लागणार नाही. मागे शिवी लिही. एक लिही, मोठी असेल तर बारीक अक्षरात लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरं टाक. कार्ड आलं म्हणजे तू आहेस, एवढं तरी कळेल. पण लवकर टाक, धर्मराज. सुग्रीव आमच्या गल्लीत साडेदहाला येतो आणि मी नऊपासून दारात असतो.

तुझा,
सर्जेराव